काम्नो शिकवणारे पास्टरकाका

आभाळ गडगडलं की पास्टरकाका आरशावर चादर टाकत, मोबाईल बंद करत आणि पाय वर घेऊन खाटेवर बसत. पवनीच्या लहानशा चर्चचे ते पास्टर. एवढा भित्रा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. भीती ते लपवतही नसत. “देवावर इश्वास हाये, इजेवर नाही,” म्हणत.

मी धानाची शेती करणाऱ्या घरातली. कॉलेजात असताना त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला जायची. पास्टर होताना ते जुनी ग्रीकही शिकले होते. ती लिपी त्यांच्या पुस्तकात पाहून मीच शिकण्याचा हट्ट धरला. त्यांनी क्रियापद दिलं, ‘काम्नो’. मी राबतो. मी थकतो, मी आजारी पडतो, हेही त्याचेच अर्थ.

“एकाच शब्दात सगळं कसं?”

“तुह्या मायले इचार. रोवण्यात तिले तरी येगयेगळं समजते का?”

काम्नो, काम्नेइस, काम्नेइ. मी, तू, तो. मांडीवर ताल धरून ते रूपं म्हणवून घेत. चुकलं तर रागावत नसत. “दम घे,” म्हणत.

एका दुपारी त्याच क्रियापदाच्या ‘कामोन्तेस’ या रूपापाशी आलो. “ज्यांचं राबून झालं ते,” काका म्हणाले आणि त्यांचा आवाज उतरला. “म्हंजे मेलेले.”

तेवढ्यात वीज कडाडली. आई धानाच्या बांधीत रोवणा करत होती, वाकून रोपं लावत होती. फोन लावला, उचलेना. काका खाटेवर, ओठ पांढरे. मग खाली उतरून त्यांनी चपला शोधल्या. “चाल.”

दर कडाडण्याला ते वाटेतच खाली बसत, पुन्हा उठत. शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला बाया कोंडाळं करून उभ्या होत्या. मधे आई आडवी, डोळे मिटलेले. वीजच पडली, असं वाटून मी मागेच राहिले. काका पुढे गेले, तिच्या कपाळाला हात लावला.

“ताप हाये. जित्ती हाये, बाई!”

आईने डोळे किलकिले केले. “पास्टरजी, काहून आले एवढ्या पाण्यात?”

काकांनी तिला पाठीवर घेतलं.

दवाखान्यात सलाइन लागली, आई हळूहळू सावरली. बाहेर बाकावर काका ओलेच बसले होते. “मले अजून भेव लागून राहिलं,” म्हणाले.

पुढे ते नाकाडोंगरीला बहिणीकडे राहायला गेले. या उन्हाळ्यात तिचा फोन आला, “भेटाचं असंल तं ये.” मी गेले. काकांच्या अंगावर मांस उरलं नव्हतं.

“काका, भेव लागते?”

“लागते ना, बाई. बस जरा.”

मी बसले. रस्त्यावरून माझी परतीची शेवटची गाडी गेली. काकांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बसूनच राहिले.