पुलावरची लाल गाडी

पाऊस उघडला होता, पण ऊन ओल्या घोंगड्यागत अंगावर चिकटत होतं. चेन्नईतल्या वेळच्चेरीच्या गल्लीत चिखलाचा वास भरलेला. मकरंद जाधव सकाळपासून मगानं व्हॅनमधलं गढूळ पाणी उपसत होता. शेजारी त्याची लाल सेडान कोरडी ठणठणीत उभी. तिच्याकडं तो बघत नव्हता.

मकरंद मिरजेकडचा, बँकेत कारकून. बदलीवर चेन्नईला आला तो इथलाच झाला. दारात दोन गाड्या, दोन्ही जुन्या. सेडान त्याची, व्हॅन बायकोची. विद्युलता इडलीचं पीठ आंबवून दुकानांना पोचवायची. रविवारी चहाला कुणी आलं, की मकरंदची तुलना सुरू.

"पळण्यात सेडानच. पाचवा गिअर टाकला की पोटातलं पाणी हलत न्हाई. व्हॅन साध्या चढाला दमेकऱ्यागत धापा टाकती. पण सामान न्यायचं म्हणाल तर व्हॅन. संसाराला ती, मिरवायला ही!"

"मिरवून इडल्या फुगत न्हाईत म्हणावं," विद्युलता आतून टोला हाणायची.

वादळाचा इशारा आला की इथली माणसं गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात. परवाही सगळे निघाले. विद्युलता म्हणाली, "अहो, आधी व्हॅन काढा."

"दोन्ही काढतो की," म्हणत त्यानं सेडान काढली. पुलावर जागाही मिळाली. लगेच माघारी फिरायचं, तर हा तिला कव्हर घालत बसला. वाऱ्यानं उडेल म्हणून दोऱ्या आवळल्या, पुन्हा सोडून पुन्हा बांधल्या. गल्लीत पोचला तेव्हा व्हॅनच्या सीटा पाण्यात बुडालेल्या.

"पुलावर ही गर्दी. अडकलो," तो म्हणाला.

"तुम्ही तरी काय करणार," म्हणून तिनं डोकं पुसायला टॉवेल दिला. तो टॉवेल परवापासून त्याला टोचत होता.

एवढ्यात शेजारचे गुरुमूर्ती कुंपणाशी आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, घरात पिढ्यान्‌पिढ्या तंजावरी मराठी. "काय गाठ बांधलां, सार! माझं कव्हर उडून गेलं, तुमचं हललं नाही. पूल मोकळा होता तरी किती वेळ बांधत बसलां, मी पाहिलों की!"

विद्युलता पिठाचा ड्रम घेऊन दारात उभी होती. गुरुमूर्तींनी तिचं तोंड बघितलं आणि काहीतरी पुटपुटत आत गेले.

"गर्दी होती म्हणालात."

मकरंदनं मग खाली ठेवला. "नव्हती. कव्हर बांधत बसलो. वाटलं, व्हॅन काय, जुनीच हाय."

"आणि ही काय कालची हाय?" तिचा आवाज चढला नाही, तेच त्याला जड गेलं. "जीव व्हता व्हय माझा त्या डबड्यात? पण माझी दुकानं त्याच्यावर चालत व्हती."

तो व्हॅनच्या भिजल्या सीटांकडं बघू लागला.

"बघत काय बसलाय? पीठ वर यायला लागलंय. भरा तुमच्या गाडीत."

ड्रम डिकीत उभा राहीना. मग मागची सीट. खाली अंथरायला त्याचा हात डिकीतल्या कव्हरकडं गेला, आणि तसाच माघारी आला. ड्रम टेकवताना झाकणाखालून पीठ ओघळलं, सीटच्या शिवणीत उतरलं. त्यानं ते बोटानं निपटलं, हात पँटला पुसला आणि दुसरा ड्रम आणायला आत गेला.