गुळाचा खडा

फरीदाबादच्या एका नव्या ऑफिसात जिप्समच्या भिंती मशीनने घासायचं काम माझ्याकडे होतं. मशीनची धूळ ओढणारा व्हॅक्यूम सकाळीच बंद पडला. ठेकेदाराने गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. "खा, छाती साफ राहते. चलो, सुरू कर." इकडे धुळीवर सगळ्यांचा हाच इलाज. गुळाने छाती साफ होत असती, तर अख्खी दिल्ली गुऱ्हाळात राहायला गेली असती. मी प्लग काढला, वायर गुंडाळली आणि मशीन मांडीवर घेऊन बसलो.

"दुसरा माणूस आणीन," तो म्हणाला.

मी तोच खडा त्याच्यापुढे धरला. "आणायची गरज नाही. हा तुम्ही खा आणि भिंत होईपर्यंत माझ्या शेजारी उभे राहा. लगेच सुरू करतो."

त्याने खडा घेतला नाही. दुपारी नवा व्हॅक्यूम आला.