मामीची एकच अट

माझी मामी कुणाचाही फोन मध्येच कापत नाही. समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यायचं, मग "बरं, ठेवू का?" असं विचारायचं आणि तो हो म्हणाला तरच ठेवायचा, ही तिची रीत. चुकीचा नंबर लागला तरी ती त्या माणसाची विचारपूस करते. आम्ही भाचरं यावरून तिची भरपूर टर उडवतो, पण तिला ढिम्म फरक पडत नाही.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, केस धुवायचं बेसिन, आणि खिडकीजवळ आजीची आरामखुर्ची. आजी म्हणजे माझ्या आईची आई, मामीची सासू. मामा ट्रक चालवतो, आठवडेच्या आठवडे बाहेर असतो, त्यामुळे घरात या दोघीच. सासू-सुनेचं इतकं गूळपीठ मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मामी कात्री चालवते आणि आजी तोंड. गिऱ्हाइकाला केस कापून मिळतातच, वर संसाराचे सल्ले फुकट.

बेसिन आणि नव्या खुर्च्यांसाठी मामीने एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं होतं. हप्ते वेळच्या वेळी जात होते. मग गेल्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून तिचा उजवा हात मोडला. हात प्लास्टरमध्ये म्हणजे कात्री बंद, आणि कात्री बंद म्हणजे हप्ते बंद. मामीने आपणहून कंपनीत फोन करून सांगितलं, की हात सुटला की सगळं भरते. तिथली बाई "काळजी करू नका" म्हणाली आणि मामीने ते खरं मानलं.

त्यानंतर वसुलीवाल्याचे फोन सुरू झाले. मामीने त्याला पहिल्याच फोनला "दादा" म्हटलं आणि हात कसा मोडला ते साग्रसंगीत सांगितलं. असं सावज त्याला जन्मात मिळालं नसेल. शिव्या ऐकूनही फोन न ठेवणारी बाई! तो वेळी-अवेळी फोन करायचा, वाट्टेल ते बोलायचा, आणि हिचं आपलं, "दादा, जरा हळू बोला, शेजारी ऐकतात." मला हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"मामी, फोन आपटायचा की!"

"अगं, देणं आहे ना माझ्याकडे. मग ऐकून घ्यायला नको?"

देणं पैशांचं होतं, शिव्या खाण्याचं नव्हतं. पण हे तिला सांगणार कोण? मी सांगितलं तर म्हणायची, "तू अजून लहान आहेस." मी तेव्हा दोन मुलांची आई होते.

हात सुटला, पार्लर उघडलं, आणि मामीने एक हप्ता भरलासुद्धा. तरी एका दुपारी मी गेले तर आजी पुढच्या दाराशी स्टुलावर बसलेली. पायात बाहेर जायच्या चपला, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत टॉवेल, कपड्यांचा जोड, रक्तदाबाच्या गोळ्या आणि जादाचा चष्मा.

"कुठे निघालीस गं?"

"तुरुंगात," आजी म्हणाली. "हळू बोल, ती आत आहे."

वसुलीवाल्याने आजीचा नंबर शोधून काढला होता. बरेच दिवस तो तिला फोन करत होता, आणि आज पोलीस सुनेला न्यायला येणार असं त्याने सांगितलं होतं.

"मी त्यांना सांगणार आहे, मला न्या. तिचा हात अजून नीट भरला नाही, आणि ती गेली तर पार्लर कोण बघणार? मला काय, इथे बसते तशी तिथे बसेन."

मला हसू फुटलं आणि दुसऱ्याच क्षणी डोळे भरून आले. आजी हल्ली दोन घास खाऊन उठायची, बेल वाजली की दचकायची, ते का, हे आत्ता उलगडलं. एवढ्यात मामी बाहेर आली. तिने पिशवी पाहिली, चपला पाहिल्या, मग माझ्याकडून सगळं ऐकलं. ती खाली बसली आणि आजीच्या पायांतल्या चपला काढल्या. मग आजीचा फोन उचलून तिनेच तो नंबर लावला.

पलीकडून नेहमीची सरबत्ती सुरू झाली. मामीने ती शांतपणे संपू दिली.

"झालं बोलून? आता माझं होईपर्यंत ठेवायचा नाही. पैसे मी घेतलेत, मी फेडणार. माझ्या सासूला फोन करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तुमचं पूर्ण नाव सांगा."

त्याने फोन कापला. मामी त्या फोनकडे बघतच राहिली. कुणी तिचा फोन असा तोंडावर कापावा, ही तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी.

तिच्या गिऱ्हाइकांत बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. डोक्याला रंग लावून बसल्या बसल्या त्यांनी समजावलं, की हप्ता थकला म्हणून कुणी तुरुंगात टाकत नाही. घरच्यांना धमकावणं हाच उलट नियमभंग, त्याची आधी कंपनीकडे तक्रार करायची आणि तिने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार कार्यालयात. हे सगळं आजीच्या देखत झालं. पण आजी काही ऐकेना.

"तुम्ही सगळ्या मला धीर द्यायला बोलता," ती म्हणाली. "ज्याने सांगितलं तो कुठे म्हणालाय, की येणार नाहीत म्हणून?"

कंपनीने तक्रारीला वाटाण्याच्या अक्षता लावल्या, तशी मामी ग्राहकांच्या कार्यालयात जाऊन थडकली. मी सोबत होते. तिथल्या कारकुनाने विचारलं, "नुकसानभरपाई किती मागायची?"

"पैसे नकोत. ज्याने फोन केले त्याने घरी येऊन सासूबाईंना सांगायचं, की मी खोटं बोललो."

"बाई, त्यासाठी अर्जात रकाना नाही."

"मग समासात लिहा."

त्याने लिहिलं, बिचाऱ्याने. कार्यालयाचं पत्र गेल्यावर कंपनी एकदम मधासारखी गोड झाली. जादा लावलेला दंड काढला, उरलेल्या रकमेचे सोसवतील असे हप्ते पाडून दिले, साहेबाने फोनवर दिलगिरीही व्यक्त केली. मामीने सगळं ऐकून घेतलं, आभार मानले आणि म्हणाली, "पण माणूस कधी पाठवताय?"

शेवटी तो आला, साहेबाच्या मागोमाग. मी मनात एखादा गुंड रंगवला होता. हा निघाला चाळिशी उलटलेला, ओढलेल्या चेहऱ्याचा साधा माणूस. मामीची नजर सवयीने त्याच्या केसांकडे गेली. "फार गळतात का हो?" असं ती विचारणार, याची मला धास्ती होती. तिने जीभ आवरली.

तो आजीसमोर उभा राहिला. "आजी, मी खोटं बोललो होतो. पोलीस येणार नव्हते. कधीच येणार नाहीत."

"पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगितलं. आजीने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मामीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आता निघावं म्हणून साहेब उठले, तर आजीने त्या माणसाला थांबवलं.

"अजून कुणाकुणाला असं सांगितलंयस?"

"आजी, ते आता कंपनी बघेल," साहेब म्हणाले.

"तुला नाही विचारलं."

माणूस हळूच म्हणाला, "बरेच आहेत."

"मग त्यांनाही सांग."

"ते माझ्या हातात नाही, आजी."

"मला घाबरवायचं होतं तेव्हा होतं की हातात."

त्या माणसाने खिशातून फोन काढला आणि नुसताच हातात धरून उभा राहिला. आणि तो पहिला नंबर कधी लावतो याची वाट बघत, आजी त्याच्या तोंडाकडे पाहत बसली.