पीठवाल्या मावशी

पीठवाल्या मावशी पीठ कानाने पारखायच्या. चिमूटभर पीठ बोटांत धरून हात कानाशी न्यायच्या आणि डोळे मिटून हळूहळू चोळायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचा कान दुखतोय. "करकर करतंय," त्या म्हणाल्या. "जाडं हाय हे, बाय. ह्याचं घावन व्हईल, पन शेव तुटंल." शेजारच्या डब्यातलं पीठ मग त्यांनी माझ्या कानाशी आणून चोळलं. मला काहीच ऐकू आलं नाही. "नाय ना येत? मंग त्ये चांगलं," म्हणून त्यांनी ते मला मापून दिलं.

त्या कशेळ्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका लहानशा गावच्या. दर गुरुवारी वडापच्या जीपने नेरळला उतरायच्या आणि तिथून आमच्या शेलूच्या बिल्डिंगमध्ये यायच्या. टोपलीत तांदळाचं, नाचणीचं आणि वरीचं पीठ, वर फडक्यात बांधलेले पापड. वय साठीच्या पुढे, पण तीन जिने चढून आल्यावरही धाप लागलेली दिसू द्यायच्या नाहीत. घरात बोलावलं तरी दारातच बसायच्या, उंबऱ्याला पाठ लावून. सगळी बिल्डिंग त्यांना पीठवाल्या मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं नाव सखूबाई हे मला दोन वर्षांनी कळलं. मी शाळेत शिकवते, चाळीस मुलांची नावं आठवड्यात पाठ करते आणि दर आठवड्याला दारात बसणाऱ्या बाईंना नाव विचारायचं मला सुचलं नव्हतं.

माझी मुलगी जुई तेव्हा पहिलीत होती. वर्षभर तिचं पोट बिघडत होतं. पोट फुगायचं, हातपाय वाळत चालले होते, उंची वाढत नव्हती. बरेच डॉक्टर झाल्यावर मुंबईला एका तपासणीत निदान झालं. तिला गहू चालत नाही. आज नाही, उद्या नाही, आयुष्यभर नाही. चपाती, पाव, बिस्किट, रवा, शेवया, सगळं बंद. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, घरात दोन्ही वेळेला कणीक मळली जायची. मी ज्वारीवर आले, भातावर आले. पण बिल्डिंगमधल्या वाढदिवसांचं काय करायचं? तिथे दोनच गोष्टी असायच्या, केक आणि नूडल्स. जुई तिथे जायची आणि कागदाच्या ताटलीत फक्त वेफर्स घेऊन कोपऱ्यात उभी राहायची. घरी आल्यावर तक्रार करायची नाही. ते जास्त लागायचं.

मी एकदम जास्त पीठ घ्यायला लागले तेव्हा मावशींनी कारण विचारलं. मी सांगितलं. नातेवाइकांना सांगितलं की ते म्हणायचे, थोडं खाल्लं तर काय होतंय. मावशी तसं म्हणाल्या नाहीत. थोडा वेळ विचार करून त्यांनी विचारलं, "दळताना उडतो, त्यो पन नाय चालत?"

गिरणीचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता.

"आमच्या तितं गिरनीत गहू बी दळत्यात," त्या म्हणाल्या. "मंग तितलं नको. पोरीचं पीठ मी घरी जात्यावर काढीन." आणि पुढच्या गुरुवारपासून टोपलीत एक वेगळा स्टीलचा डबा येऊ लागला. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायच्या नाहीत. त्या वयात, आठवड्याला तीन-चार किलो, हाताने.

नूडल्स म्हणजे काय, हे त्यांनी जुईलाच विचारलं. जुईने आठवून सांगितलं, "लांब असतात. ओढल्या तरी तुटत नाहीत. आणि सुर्रकन आत जातात."

"म्हंजी शेवच की गं," मावशी म्हणाल्या. "करू आपन."

त्यांच्याकडे सणाला तांदळाच्या शेवया व्हायच्या, नारळाच्या दुधात बुडवून खायच्या. पण त्या तोंडात विरघळणाऱ्या. भाजीबरोबर तव्यात परतल्या की त्यांचा चुरा व्हायचा. पहिल्या गुरुवारी तसाच चुरा झाला आणि जुईने तो चमच्याने खाल्ला. पुढच्या वेळी त्यांनी नाचणी घातली. शेवया काळ्या आणि रवाळ झाल्या, वाळल्यावर पेन्सिलीच्या शिशासारख्या कडाकड मोडल्या. मावशींनी एक तुकडा दाताखाली धरला आणि म्हणाल्या, "गव्हाला चिकटा असतो, त्यो धरून ठेवतो. तांदळाला चिकटा नाय. त्याला शिजवूनच धरायला लावला पायजे." मग त्या आमच्याच स्वयंपाकघरात उकड काढू लागल्या. उकळत्या पाण्यात पीठ वैरायचं, झाकायचं आणि चटके बसत असतानाच मळायचं. त्यांचे तळवे लाल व्हायचे. मी म्हटलं, जरा निवू दे. "निवलं की हट्टी व्हतंय," म्हणायच्या. नवा तांदूळ लगदा होतो, जुना पाणी जास्त मागतो, हे मला तेव्हा कळलं. शेवटी त्यांनी साबुदाणा भाजून दळला आणि उकडीत मूठभर घातला. एकदा तो जास्त झाला. जुईने शेव ओढली ती रबरासारखी ताणली आणि सुटून तिच्या नाकावर बसली. त्या दिवशी मावशींना मी पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं.

आठव्या की नवव्या गुरुवारी जमल्या. लांब, लवचिक, परतल्या तरी अखंड. जुईने एक शेव तोंडात धरली आणि ती सुर्रकन आत गेली. मावशी उंबऱ्यात बसून ते बघत होत्या.

त्या शनिवारी जुईच्या वाढदिवसाला मी त्याच शेवयांच्या नूडल्स केल्या. सगळ्या मुलांना एकसारखं ताट, जुईला वेगळं काही नाही. चव बाहेरच्यासारखी यावी म्हणून काळ्या सॉसची नवी बाटली आणली आणि ओतली. त्या सॉसमध्ये गहू असतो. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. मी ते सोमवारी वाचलं, जुई उलट्यांनी आणि जुलाबाने अंथरुणाला खिळल्यावर.

गुरुवारी मावशी आल्या तेव्हा ती तशीच पडून होती. पहिल्यांदाच त्या स्वयंपाकघराच्या पुढे, आतल्या खोलीत आल्या. जुईचा फ्रॉक जरा वर करून त्यांनी तिच्या फुगलेल्या पोटावर हात ठेवला. मग तिचा दंड दोन बोटांत धरून पाहिला. मी सॉसचं काहीतरी सांगत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. टोपली तशीच उचलून त्या निघून गेल्या. पुढचे दोन गुरुवार आल्या नाहीत.

मला वाटलं, त्यांच्या शेवयांमुळे झालं असं त्यांनी मनाला लावून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात सुट्टी होती. जुई बरी झाली होती. तिला शेजारी ठेवून मी कशेळ्याला गेले, तिथून विचारत त्यांच्या घरी. भातकापणी झाली होती, खळ्यावर पेंढा पडला होता. मावशी पडवीत बसल्या होत्या. सून आत काहीतरी पाखडत होती.

मी बसल्या बसल्या सांगितलं, "मावशी, तुमच्या शेवयांचं काही नव्हतं. चूक माझी होती. सॉसमध्ये गहू होता."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "गव्हानं पोट असं मडक्यावानी व्हतं?"

"हो," मी म्हटलं. "आतड्याला सूज येते, म्हणून."

"आन हातपाय काड्या?"

"हो. खाल्लेलं अंगी लागत नाही ना."

"आन पांढरं, पातळ जातं? वास मारतो?"

"हो."

"पोर चिडचिडं व्हतं? आईला सोडत नाय?"

"हो," मी म्हटलं. वर्गात एकेका प्रश्नाला द्यावं तसं उत्तर मी देत गेले. त्या कुणाची लक्षणं विचारताहेत, हे मला फार उशिरा उमगलं.

"माजा थोरला," मावशी म्हणाल्या. "भाऊ म्हनायचो त्याला. पाच वरसांचा व्हता." सून आत थांबली असावी, कारण सुपाचा आवाज बंद झाला. "डॉक्टर म्हनलं, जंत हायत, अशक्त हाय, ताकदीचं खायला घाला. आमी भात खानारी मानसं. ताकदीचं म्हंजी गहू, आसंच वाटायचं. गव्हाची खीर करायची मी. कशेळ्याच्या बाजारातनं पाव आनायची, चालत जाऊन. त्यो भात नको म्हनायचा. पाव दे म्हनायचा. पाव बघितला की हसायचा." त्या माझ्याकडे वळल्या. "त्याला हेच व्हतं का गं?"

"आता कसं सांगणार, मावशी. तेव्हा तपासण्या नव्हत्या."

"पन आसंल?"

मी 'नाही' म्हणू शकले असते. पुष्कळ पोरं तेव्हा पुष्कळ आजारांनी जायची, तेही खरंच होतं. पण त्या माझ्याकडे इतकं सरळ बघत होत्या की मी म्हटलं, "असू शकेल."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. "मीच घालत व्हते हातानं," एवढंच म्हणाल्या, जसं कुणी दूर गेलेल्या माणसाबद्दल माहिती सांगावी. सुनेने चहा आणला, बशीत बिस्किटं होती. मावशींनी बशी माझ्याकडे सरकवली. "तू खा. तुला चालत्यात." मला एकही उचलवलं नाही.

ते उत्तर मी त्यानंतर कितीतरी वेळा मनात बदललं आहे. खरं बोलले याचं समाधान मला कधी मिळालं नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं एका बाईने एक दुःख कसंबसं सांभाळलं होतं आणि मी एका दुपारी त्यात तिचा स्वतःचा हात दाखवून दिला.

पुढच्या गुरुवारी मात्र त्या आल्या. डब्यात पीठ होतं आणि फडक्यात एक चपटा, कडक गोळा.

"पाव केलाय जुईला," त्या म्हणाल्या.

जुईने पाव कधी मागितला नव्हता. तो कुणासाठी होता ते मला कळलं.

त्यानंतर चार वर्षं त्या पाव करत राहिल्या. पीठ आंबवून, उकड मिसळून, साबुदाणा घालून, अंडं घालून, पातेल्यावर झाकण आणि झाकणावर निखारे ठेवून. माझ्या ओव्हनमध्येही करून पाहिला. काचेतून आत बघत बसायच्या. पाव फुगायचा आणि बाहेर काढला की मधोमध खचायचा. "हवा भरतीय, पन तिला धरनारं कोन नाय," म्हणायच्या. जुई प्रत्येक पाव शेवटपर्यंत खायची आणि छान झालाय म्हणायची. "खोटं बोलू नको गं. दगड हाय," मावशी म्हणायच्या आणि पुढच्या गुरुवारी नवा आणायच्या.

मग गुडघे गेले. येणं महिन्यावर गेलं, मग थांबलं. आम्हीच कधीमधी जाऊन यायचो. जुई मोठी झाली, भाऊबद्दल मी तिला सांगितलं आणि पावाचं वेड तिने उचललं. इंटरनेटवर कुठेतरी वाचून तिने पिठात ईसबगोल घातलं. ते पाणी पिऊन फुगतं, बुळबुळीत होतं आणि गव्हाच्या चिकट्यासारखं हवेला धरून ठेवतं. तांदळाची उकड, वरी, साबुदाणा, हे सगळं मावशींचंच. यंदा दहावीच्या अभ्यासातून वेळ काढून तिने ते जमवलं. सहा पाव, मऊ, वर तपकिरी, मध्ये न खचलेले.

त्याच आठवड्यात त्यांच्या सुनेचा फोन आला, की मावशींना अर्धांगवायू झालाय, दवाखान्यातून घरी आणलंय. आम्ही रविवारी सकाळी पाव फडक्यात बांधून गेलो.

मावशी पडवीत खाटेवर होत्या. डावी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं. मला त्यांनी ओळखलं की नाही, सांगता येणार नाही. जुईकडे मात्र त्या बघत राहिल्या. तिने नुकतेच केस अगदी बारीक कापले होते. जुईने त्यांच्या उजव्या हातात पाव ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने दाबला. दाबलेला पाव हळूच वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर आला. मग छातीशी धरून एका हाताने त्यांनी तो कसाबसा मोडला आणि मोठा तुकडा जुईसमोर धरला.

"भाऊ," त्या म्हणाल्या. शब्द जड येत होते, पण कळत होते. "खा रं. ह्याच्यात गहू नाय."

जुईने माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही, मला करता आली नाही. ती खाटेशी वाकली आणि तिने त्यांच्या हातून तो तुकडा खाल्ला.

"आवडला का रं?"

"हो," जुई म्हणाली.

त्यांनी उरलेला तुकडाही तिलाच भरवला. स्वतः घेतला नाही. मग डोळे मिटून पडल्या.

परतताना जीपमध्ये, कशेळं मागे पडल्यावर जुई म्हणाली, "आई, त्यांना वाटलं मी तो आहे."

"हो."

"मग मी अजून एक खायला हवा होता."

पुढच्या रविवारी पुन्हा जायचं ठरवून तिने शनिवारी पीठ भिजवून ठेवलं. सकाळी सुनेचा फोन आला, मावशी पहाटे गेल्या. जुई स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. पीठ छान वर आलं होतं. मावशींच्या घरी त्या दिवशी चूल पेटणार नव्हती. जुईने ओव्हन लावला, सहाही पाव भाजले आणि आम्ही ते घेऊनच कशेळ्याची जीप धरली.