सगळ्या पत्रांवर आजची तारीख

काळाचौकीच्या त्या चाळीत पत्र लिहायचं म्हणजे रघुवीर परबांकडे जायचं. विम्याच्या ऑफिसात उभा जन्म टायपिंगमध्ये गेलेला माणूस. निवृत्तीनंतर हौसेने कॉम्प्युटर शिकले आणि आपसूक चाळीचे सेक्रेटरी झाले.

जिन्याची एक पायरी हलायला लागली, तेव्हापासून त्यांनी मालकाला चार पत्रं दिली होती. मालकाचा माणूस पत्र घ्यायचा, पण पोच द्यायचा नाही. परब निर्धास्त होते. प्रत्येक पत्र कॉम्प्युटरवर जपलेलं होतं. मग ती पायरी तुटली, शेजारची अंबिका पडली, आणि मालक म्हणाला, आधी कुणी तक्रारच केली नव्हती. सोमवारी चाळींच्या दुरुस्तीचं बघणाऱ्या सरकारी ऑफिसात सुनावणी होती.

चाळीतल्याच कमळाबाई आणि कुशाबासमोर परबांनी कॉम्प्युटरवर पत्रं उघडली. चारही पत्रांवर आजची तारीख.

"काय हो परब, सगळी आज सकाळीच लिहिलीत?" कुशाबाने विचारलं.

परबांचा चेहरा उतरला. तारखेत चूक नको, म्हणून त्यांनी आपोआप येणारी तारीख घातली होती. पत्र ज्या दिवशी उघडावं, त्या दिवसाची ती होत होती. फाइल सेव्ह केल्याच्या तारखेवरूनही काही कळेना. गेल्याच आठवड्यात त्यांनी अक्षरं मोठी करून सगळी पुन्हा सेव्ह केली होती.

"टाका अंदाजाने. कोण बघतोय?" कुशाबा म्हणाला.

"नको रे. एक चुकीची सापडली तर बाकीचीही कुणी मानणार नाही."

परबांनी त्या तारखा पुसल्या आणि कुठलं पत्र कधी दिलं, याच्या टिपा समासात लिहायला घेतल्या.

"दुसरं पत्र गणपती मंडळाच्या पाटपूजनादिवशी दिलंत," कमळाबाई म्हणाल्या. "नारळ फोडायला तुम्ही नव्हता, म्हणून मी बोलले होते."

"अजून बोलताच आहात."

पाटपूजनाची पत्रिका कुशाबाच्या घरी सापडली. तिच्यावरची तारीख परबांनी टिपेत घातली. तिसऱ्या-चौथ्याचंही असंच जमलं. पहिल्या पत्राचं मात्र कुणालाच आठवेना, आणि मालकाला सगळ्यात आधी कधी कळवलं, हे त्यावरूनच ठरणार होतं.

परबांनी ते पुन्हा वाचलं. 'पायरी हलत आहे, कुणी पडण्यापूर्वी दुरुस्त करावी.' मग टीप लिहिली: 'नेमकी तारीख आठवत नाही. हे लिहिताना पायरी तुटलेली नव्हती. मजकूर पाहावा.'

"एवढ्याने मानतील?" कुशाबाने विचारलं.

"माहीत नाही," परब म्हणाले आणि टिपेखाली आपलं नाव टाइप केलं.

कमळाबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "माझंही घाला. पायरी हलते म्हणून तुमच्या मागे मीच लागले होते."