बर्गरची टिक्की आणि देवधर वहिनी

काय सांगू, भर आनंदमेळ्यात माझं नाक कापलं गेलं, आणि तेही एका बर्गरपायी. चहा घ्या, सांगतो. हसू नका म्हणणार होतो, पण तुम्ही ऐकणार थोडेच.

आमच्या कॉलनीत गणपतीत आनंदमेळा असतो. घरोघरचे लोक काहीबाही करून आणतात, स्टॉल लावतात, शेवटी बक्षिसं. आणि दरवर्षी पहिलं बक्षीस कोणाला? शेजारच्या देवधर वहिनींच्या पोह्यांना. अहो, इंदूरमध्ये पोहे! इथे नळाला पाणी येवो न येवो, नाक्यावर सकाळी पोहे येतातच. त्यांना कसलं बक्षीस? मी कॉलनीच्या मीटिंगमध्ये सरळ म्हटलं, "वहिनी, पोहे काय कोणीही करतं. डोकं लागत नाही त्याला. यंदा मी व्हेज बर्गर करणार."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "करा की भाऊजी. टिक्की तेवढी सांभाळा, फुटते."

"फुटली तर पुढच्या वर्षी तुमच्या स्टॉलवर बसून कांदे चिरीन."

सगळ्यांसमोर बोललो. आता माघार कुठली?

मेळ्याच्या सकाळी बटाटे, मटार, गाजर, मका उकडले, हळद-मीठ घालून कुस्करले आणि पहिली टिक्की तव्यावर टाकली. उलटायला गेलो, तर अर्धी उलथन्यावर आणि अर्धी तव्यावर.

बायको म्हणाली, "अहो, मटार-मका निथळलेच नाहीत तुम्ही. ब्रेडचा चुरा घाला आणि जरा वेळ फ्रिजमध्ये ठेवा."

"पावात परत पाव? मतलब, काही लॉजिक आहे की नाही?" मी तिला उडवूनच लावलं. तिच्या कटलेटला आजवर साधा तडा गेलेला नाही, पण हा मुद्दा मला तेव्हा किरकोळ वाटला.

मग मी माझं डोकं चालवलं. ओलं मिश्रण धरून ठेवायला काय घालावं? भिजवलेले पोहे. हो हो, पोहेच. "वहिनींना सांगू नकोस," एवढं बायकोला बजावलं.

"मग ते नीट मळून तरी घ्या."

"मी काय कणीक मळतोय?"

मूठभर पोहे टाकले, टिक्की फुटली. आणखी मूठभर, तरी फुटली. मीही हट्टाला पेटलो. पोह्यांचा डबा रिकामा झाला, तेव्हा मिश्रणात बटाटा शोधावा लागत होता. पण हातावर गोळा मस्त बसत होता, म्हणून मी खुशीत निघालो.

स्टॉलवर ही मोठी पाटी लावली, 'व्हेज बर्गर'. तवा तापला, टिक्क्या टाकल्या, छान बसल्या. तेवढ्यात परीक्षक आले, महूचे एक रिटायर्ड कर्नलसाहेब. मी ऐटीत टिक्की उलटली आणि ती सुटी सुटी होऊन तवाभर पसरली. दुसरी उलटली, तेच. तिसरीला मी हातच लावला नाही, तीही आपली आपण गेली.

बायकोने तो सगळा चुरा प्लेटमध्ये भरला. वर कांदा, शेव, पोह्यांवरचा जिरावण मसाला, लिंबू. शेजारी कोरडा पाव ठेवला आणि पाटी हळूच उलटी करून ठेवली.

मी तोंड उघडलं, "सर, ये बर्गर..."

तोवर साहेबांचा चमचा तोंडात गेला होता. "वाह भिया, पोहे में मटर-भुट्टा! बढ़िया। मगर ये पाव किसलिए?"

मी म्हणालो, "बस सर, साथ में।"

मग काय, रांगच लागली. "भिया, एक प्लेट पोहा, सेव ज्यादा." मी आपला प्लेटा भरून देत होतो. बर्गर कुठाय, असं एका माणसाने विचारलं नाही.

संध्याकाळी माइकवर बक्षिसं जाहीर झाली. पोहे, पहिला नंबर: देवधर वहिनी. पोहे, दुसरा नंबर: मी.

बक्षीस घेऊन स्टेजवरून खाली उतरलो तर वहिनी माझ्या स्टॉलवर उभ्या, हातात माझीच प्लेट. दोन घास खाल्ले, चमचा ठेवला.

"चव बरी आहे हो भाऊजी. पोहे जरा जास्त भिजवलेत. थोडं डोकं लागतं त्याला. असू दे, पुढच्या वर्षी कांदे चिरता चिरता शिकाल."