वावरातला खुनी, भाग दोन

एका खुनाच्या पिच्चरचा दुसरा भाग मी तीसेक वेळा तरी पाहिला असेल. पहिला एकदाच पाहिला, तिसऱ्याचं तर नावच काढू नका. दुसऱ्यात वेल्डिंगचा काळा मुखवटा घातलेला खुनी, हातात मोठी कैची, आणि मागे न बघता चालणाऱ्या एकाहून एक येड्या पोरी. पुढे काय होणार ते मला पाठ आहे, तरी दर वेळी मोबाइलवर ओरडतो, "अवो बाई, मांगं पाहा ना!" बायको म्हणते, "इतक्या खेपा पोथी वाचली असती, तं देव घरी आला असता."

गेल्या हंगामात दारव्ह्याजवळच्या आमच्या वावरात रोही, म्हणजे नीलगायी, घुसायला लागले. साधं बुजगावणं उभं केलं, तर एक रोही त्यालाच पाठ घासत उभा! असा राग आला मला! वेल्डिंगचं दुकान असलेल्या साळ्याकडून जुना मुखवटा आणला, बुजगावण्याला माझा काळा रेनकोट चढवला, हातात पत्र्याची कैची दिली. हुबेहूब खुनी. आठ दिवस रोही फिरकले नाहीत. मी गावभर मिशीला पीळ देत हिंडलो.

मग वेचणीचा पहिला दिवस आला. कापूस बोंडातून लोंबत होता, आभाळ भरून आलं होतं, आणि वेचणाऱ्या बाया तर शोधूनही मिळत नव्हत्या. कशाबशा सात जणी आल्या. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरूनच, त्यांना खुनी दिसला आणि सातही जणी उलट्या पावली निघाल्या. त्यांना पळवायला शेजारचा शेतकरी टपूनच होता. कापूस भिजला असता तर वर्षाची मेहनत मातीत. मी चप्पल हातात घेऊन मागे धावलो.

"अवो, बुजगावणं व्हय थे!"

"मालूम हाय," त्यांची म्होरकी म्हणाली. साठीची बाई, पण आवाज असा की बैल थांबावा. "दुसऱ्या भागातला हाय थो. नातवाच्या मोबाइलवर चार खेपा पाह्यला म्या. जे मांगं पाहात नाही, थेच मरते. आमी दिवसभर खाली मुंडी घालून वेचू, अन् हा मांगं उभा? नाही बा!"

आता बोला! माझाच अभ्यास माझ्यावर उलटला. खुन्याला काढावं तर रोही येणार. शेवटी तिनेच तोड काढली. मी खुन्यासमोर बसायचं आणि दिवसभर नजर हलवायची नाही. मुकाट्याने बसलो. वेचणीआधी बायांनी सीतादहीची, म्हणजे पहिल्या कापसाची, पूजा केली, तिच्या नैवेद्याचा दहीभातही मी त्याच्याकडे बघतच खाल्ला. जरा मान वळली की सगळ्या ओरडायच्या, "भाऊ, तिकडं पाहा!"

दुपारी डोळा लागला. जाग आली, तर खुनी नव्हता. नुसती काठी. तेवढ्यात पाठीमागे पत्र्याची कैची खणखणली.

खोटं कशाला बोलू, मी बोंबलत सुटलो. अनवाणी, कापसाच्या पऱ्हाटीतून, "मेलो वो माय!" करत. मागे पाहायची हिंमत झाली नाही. तीस वेळा पाहूनही! शेवटी वेचलेल्या कापसाच्या ढिगात तोंडावर पडलो. मागून आलेल्या खुन्याने मुखवटा वर केला, तर आत म्होरकी. हसून हसून तिचे डोळे वाहत होते. बाकीच्या सहा जणी तर खालीच बसल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत निम्मं वावर वेचून झालं. शेजारचा शेतकरी धुऱ्यावर उभाच. "उद्या माह्याकडं या," तो बायांना म्हणाला. माझा जीव टांगणीला लागला. निम्मा कापूस अजून झाडावरच होता.

म्होरकीनं डोईवरचं गाठोडं सावरलं. "तुमच्या वावरात पाहाले काय हाय?" ती त्याला म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "उद्या येतो भाऊ. तुमी फकत दुपारी जेवून झोपजा."